कोणाच्या मर्जीने

“तू पुढे बैस,” धुरपदाबाई म्हणाली आणि रिक्षात चढू पाहणाऱ्या मुलीला कोपराने बाजूला सारून स्वतः नवऱ्याशेजारी जाऊन बसली.

हर्षदा रिक्षावाल्याच्या सीटच्या कडेवर टेकली. रिक्षा सुरतेतल्या उधन्याच्या गल्लीतून निघाली. दोन्ही बाजूंनी लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडाट चालू होता, त्यामुळे मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत कोणाला बोलता आलं नाही. तिथे आवाज मागे पडला आणि धुरपदाबाईने रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघून सुरुवात केली. रिक्षावाला उत्तर प्रदेशचा होता, त्याला अहिराणी कळत नव्हती, पण तिला त्याने काही फरक पडत नव्हता.

“आपला पायवर चालीसन वना व्हता माणूस. चालीसन! आते दखा.”

तिच्याशेजारी मगन बागुल डोळे मिटून बसला होता. मे महिन्याच्या उन्हातही त्याने अंगाभोवती चादर गुंडाळली होती. त्याचा चेहरा सुजला होता आणि ओठांना भेगा पडल्या होत्या, कारण दिवसभरात प्यायचं पाणी मोजून ठरलेलं होतं. चालत आला होता, हे खरंच होतं. संक्रांतीनंतर तो स्वतःच्या पायांनी, आता रिक्षा निघाली होती त्याच रुग्णालयाच्या पायऱ्या चढला होता, आणि मधल्या वळणावर थांबून मागे राहिलेल्या हर्षदाला “दमनी का वं?” असं हसून विचारलंही होतं.

त्याच्या पोटातली महाधमनी, सगळ्यात मोठी रक्तवाहिनी, एका जागी फुग्यासारखी फुगली होती. दुखत काहीच नव्हतं. हर्षदा उधना दरवाज्याजवळच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये काउंटरवर बसायची. बापाला लघवीला जळजळ होऊन मुतखड्याची शंका आली म्हणून तिने तिथल्या डॉक्टरांना विनंती करून त्याला मशीनखाली झोपवलं. खडा निघाला नाही. डॉक्टर मात्र पडद्याकडे बघता बघता बोलायचे थांबले. फुगा फुटला तर माणूस रुग्णालयापर्यंतही पोचत नाही, असं त्यांनी नंतर सांगितलं. मग मुंबईहून अधूनमधून येणाऱ्या एका सर्जनने पोट उघडून ऑपरेशन केलं आणि फुगलेल्या जागी कापडाची नळी शिवली. नळी नीट बसली. टाके भरले. सर्जन हर्षदाच्या खांद्यावर थोपटून मुंबईला परत गेला.

पण लघवीच्या पिशवीत काही उतरलं नाही. पुढे थोडं उतरलं ते काळ्या चहाच्या रंगाचं, आणि मग तेही थांबलं. किडन्यांना जरा वेळ द्या, सगळे म्हणाले. किडन्यांना वेळ देता देता होळी गेली, आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, गेली. यंदा आखाजीला धुरपदाबाईने दारात झोका बांधला नाही, सांजोऱ्या केल्या नाहीत, आणि शेजारणीने विचारलं तेव्हा मुलीकडे बोट दाखवून म्हणाली, “हिले इचार.”

डायलिसिसच्या खोलीत मगनला खाटेवर निजवून नळ्या जोडल्या गेल्या. शेजारच्या खाटेवर अकोल्याकडचे एक गृहस्थ असत. त्यांची बायको मालतीबाई आणि धुरपदाबाई यांची आता ओळख झाली होती. नवरे मशीनला लागले की दोघी भिंतीशी बाकावर बसून बोलायच्या.

“पोरगी देऊन राहिली ना किडनी?” मालतीबाईंनी विचारलं. “रक्त जुळलं म्हणे.”

“देनीच पडी,” धुरपदाबाई म्हणाली. हर्षदा पलीकडेच उभी होती, तरी तिने आवाज खाली आणला नाही. “हिन्यामुळे गयी, हीच भरी दी. बापले हट्ट करीसन कापाले लई गयी व्हती.”

मालतीबाईंनी हर्षदाकडे पाहिलं आणि चटकन नजर वळवली.

हर्षदा बापाकडे बघत होती. मगन जागा होता. लूमच्या आवाजात उभी हयात गेल्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं, पण एवढं ऐकू न येण्याइतकं नाही. त्याची नजर छतावरच्या पंख्याला लागली होती. तो आता काहीतरी म्हणेल असं तिला वाटलं. असं तिला दर वेळी वाटायचं. रागाने ती बाहेर व्हरांड्यात गेली आणि कठडा धरून उभी राहिली.

किडनी द्यायचं तिने केव्हाच ठरवलं होतं. आईचं रक्त जुळत नाही असा रिपोर्ट आला त्याच दिवशी. तेव्हा तिच्याकडे कोणी मागितलीही नव्हती. काउंटरवर बसून पेशंटची नावं लिहिता लिहिता तिने मनाशी म्हटलं होतं, आपण देऊ, आणि तिला हलकं वाटलं होतं. मग तिचं रक्त जुळलं. त्यानंतर घरात कोणी तिला विचारलंच नाही. धुरपदाबाईने गल्लीत सांगितलं, गावाकडे निरोप पाठवला, देवापुढे नारळ ठेवला. चोरीचा माल परत करायला लावावा तसं सगळं झालं. आणि बाप पंख्याकडे बघत राहिला.

ऑपरेशन ठरलं त्या दिवशी सर्जनच्या खोलीत ते दोघंच होते. बाप आणि लेक. धुरपदाबाई बहिणीच्या बाळंतपणाला गावी गेली होती.

सर्जन हिंदीतून सावकाश बोलत होता. त्याने कागदावर एक जाड नळी काढली, तिला दोन फांद्या काढल्या आणि फांद्यांच्या टोकाला दोन शेंगा. “ये किडनी,” तो म्हणाला. फुगवटा अगदी या फांद्यांपाशी पोचला आहे, म्हणून चिमटा त्यांच्या वर लावावा लागेल. नळी शिवून होईपर्यंत किडन्यांना रक्त मिळणार नाही. बहुतेकांच्या किडन्या पुन्हा चालू होतात. काहींच्या होत नाहीत. तुमच्या आधीच थोड्या कमजोर आहेत, ब्लडप्रेशर आहे, विडी आहे, तेव्हा तुम्हाला धोका जास्त. न करण्यातही धोका आहेच. विचार करा.

मग त्याने खणातून ती नळी काढून दाखवली. पांढरी, चुण्यांची, बोटभर जाडीची. मगनने ती अंगठा आणि बोटाच्या मधे धरून चोळली, उजेडात धरली, थोडी ताणून बघितली.

“पॉलिस्टर है?” त्याने विचारलं.

सर्जन हसला. “पॉलिएस्टर ही है.”

मगन केवढा खूश झाला होता! तीस वर्षं तो उधन्यात लूमवर हेच कापड काढत आला होता, आधी कारागीर म्हणून आणि मग जॉबर म्हणून, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. पुढचे कित्येक दिवस तो भेटेल त्याला सांगत होता की पोटात आपलाच माल बसवणार आहेत.

पण हर्षदाच्या डोळ्यांपुढून त्या दोन शेंगा हलत नव्हत्या. जिना उतरताना तिने बापाचा हात धरला होता.

“आबा, थांबू या. मुंबईला अजून एका डॉक्टरला दाखवू. आधी किडनीचं बघू, मग ठरवू.”

“नही,” मगन म्हणाला होता. “आतेच करनं. लवकर करनं.”

“आबा, ते काय म्हणाले ते ऐकलंत ना?”

“ऐकं.” आणि त्याचा दुसरा हात पोटावर गेला होता. सोनोग्राफी झाल्यापासून तो हात सारखा तिथेच असायचा. त्याचा बाप गावी एका लग्नाच्या पंगतीत पोट धरून आडवा झाला होता आणि परत उठला नव्हता. मगन तेव्हा लहान होता, वाढायला मदत करत होता. ही गोष्ट त्याने हर्षदाला कधी सांगितली नव्हती. तिला ती गावच्या आजीकडून कळली होती.

धुरपदाबाई गावाहून परतली आणि तिने विचारलं, हे कोणी ठरवलं. मगन आरशासमोर दाढी करत होता. “तुन्या पोरीले इचार,” तो म्हणाला होता. “तिनाच हट्ट शे.” हर्षदाला तेव्हा हसूच आलं होतं. बाप बायकोपुढे भीती कबूल करणार नाही, एवढं तिला समजत होतं. ऑपरेशन झालं की सांगेल.

मशीनचं काम संपल्यावर डॉ. मारफतियांनी तिघांना आपल्या खोलीत बोलावलं. ते सुरतचेच, किडनीचे डॉक्टर, बुटके आणि शांत. त्यांच्या टेबलावर अहमदाबादला पाठवायचे कागद होते. किडनी बसवायचं काम तिकडे होणार होतं.

“बेन,” ते हर्षदाला म्हणाले, “कायदा आता कडक झाला आहे. मला विचारावंच लागतं, जबरदस्ती आहे का ते. तमारी मरजी छे ने? कोईनुं दबाण तो नथी ने?”

“मर्जी शे, मर्जी शे,” धुरपदाबाई म्हणाली.

“तमने नथी पूछ्युं, माजी,” डॉक्टर मृदूपणे म्हणाले.

हर्षदा बापाकडे वळली. तो खुर्चीत पाठ टेकून बसला होता, सुई काढलेल्या जागेवरचा कापूस दुसऱ्या हाताने दाबून धरत.

“आबा,” ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला. “सर्जनने काय सांगितलं होतं आणि मी तुम्हाला काय म्हणाले होते, तेवढं आईला सांगा. मग मी डॉक्टरांना हो म्हणते.”

धुरपदाबाईने आधी मुलीकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं.

मगनने कापूस उचलून खाली बघितलं, पुन्हा दाबला. कोणत्या शेडमधल्या कोणत्या लूममधून आडव्या धाग्याचा धोटा कधी उडाला होता, हे त्याला वीस वर्षांनीही सांगता यायचं.

“माले काही याद नही,” तो म्हणाला.

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं.

“मारी मरजी नथी, डॉक्टर,” हर्षदा म्हणाली.

“हर्षदा!” धुरपदाबाई ओरडली.

“नाही म्हटलं ना मी. हिने ठोठावलेला दंड म्हणून मला किडनी द्यायची नाही, आणि यांच्या विसराळूपणाला तर नाहीच नाही.” तिने दार उघडलं आणि ती बाहेर पडली. पायऱ्या ती भरभर उतरली. रस्त्यावर रिक्षावाले हाका मारत होते. तिने एकाकडेही बघितलं नाही. उधना दरवाज्यापर्यंत ती उन्हातून चालत गेली आणि काउंटरवर जाऊन बसली. समोर उभ्या बाईला तिने नाव विचारलं, आणि ते लिहिताना पेनाने कागद फाटला.

घरी तिच्याशी कोणी बोललं नाही. पण धुरपदाबाईची बडबडही थांबली होती. गल्लीत कोणी मगनची तब्येत विचारली तर ती “शे तशीच शे” एवढंच म्हणून आत यायची. पुढच्या खेपेला हर्षदा कामावर गेली आणि धुरपदाबाई एकटीच नवऱ्याला मशीनवर घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी हर्षदा मोरीत कपडे धूत होती. आई मागे येऊन उभी राहिली.

“काय सांगं व्हतं त्या डॉक्टरनी?”

“आबांना विचार.”

“इचारं.”

“मग?”

“भितकडे तोंड करीसन पडनात.”

हर्षदाने शर्टाची कॉलर दगडावर घासली. “मग तुला कळलंच,” ती म्हणाली.

धुरपदाबाईने वाकून पिळलेल्या कपड्यांची बादली उचलली आणि वाळत घालायला घेऊन गेली. हर्षदा मान वर न करता घासत राहिली. एका बादलीने काही फिटत नव्हतं.

रविवारी मगनचा धाकटा भाऊ निंबा आला. त्याचं अमळनेरजवळच्या गावात किराणा दुकान होतं. पुतणीने ऐन वेळी नाही म्हटल्याची बातमी कशी कोण जाणे तिकडे पोचली होती, आणि तो भुसावळकडून येणारी पॅसेंजर पकडून थेट उधन्याला उतरला होता. आल्या आल्या त्याने भावाच्या पायांना हात लावला, डोळे पुसले आणि खुर्ची ओढून बसला. मगन खाटेवर चादर घेऊन पडला होता.

“पोरी, इकडे ये,” निंबाने हाक मारली. “काय ऐकस मी? बापले नही म्हननी तू?”

हर्षदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याचा तिला भरवसा नव्हता.

“ज्यानी तुले जलम दिधा, शिकाडं, त्याले...”

“भाऊजी, तिले काय बोली ऱ्हायनात,” धुरपदाबाई म्हणाली. ती खाली बसून मगनसाठी उकडलेल्या भाजीचं पाणी काढून टाकत होती. “ती नही म्हननीच नही. ती तयार व्हती. मी नही म्हनं.”

खाटेवर मगनची मान वळली.

“तुम्ही?” निंबा खुर्चीत पुढे सरकला. “वहिनी, तुम्ही?”

“हा. मीच. मन्या पोरीले मी कापू देनार नही. आते माले बोला, काय बोलनं शे ते.”

निंबा बोलला. कपाळावरच्या कुंकवाचं बोलला, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही हे बोलला, भावाने आयुष्यभर या घरासाठी काय काय केलं ते बोलला. धुरपदाबाई चाळणी हलवत सगळं ऐकून घेत होती. हर्षदा आईच्या वाकलेल्या पाठीकडे बघत राहिली. आई खोटं बोलत होती, आणि खोटं बोलताना तिचा हात जराही अडखळत नव्हता. खाटेवरचा माणूस छताकडे, पंख्याकडे, दाराकडे, कुठेतरी बघत होता.

निंबा श्वास घ्यायला थांबला, तेव्हा धुरपदाबाईने प्रथमच मान वर केली.

“भाऊजी, तुमनं रगत कोनतं शे?”

“मनं?”

“तुम्ही त्यासना सख्खा भाऊ. कोनी तपासं का कधी?”

निंबाने भावाकडे पाहिलं. मग शुगरचं काहीतरी सांगितलं, दुकानात पोरगा एकटाच असल्याचं सांगितलं. आणलेला चहा त्याने अर्धाच घेतला. परतीच्या गाडीला अजून बराच वेळ होता, पण ऊन आणखी वाढायच्या आत स्टेशन गाठलेलं बरं, असं म्हणत तो उठला, भावाच्या पायांना घाईघाईने हात लावला आणि चपला अडकवून बाहेर पडला.

गल्लीतले लूम चालूच होते.

“हर्षदानी माय,” मगन म्हणाला.

धुरपदाबाईने चाळणी खाली ठेवली.

“ती थांब म्हने व्हती.” लूमच्या आवाजामुळे नेहमी ओरडून बोलणारा माणूस, पण आता त्याचं बोलणं जेमतेम कळत होतं. “मुंबईले दखाडू म्हने. मीच नही म्हनं. माले भ्याव लागे.”

हर्षदा दारातच उभी होती. संक्रांतीपासून ती या वाक्याची वाट बघत होती. आता ते आलं, तर छातीतला राग तसूभरही उतरला नाही. उलट तो वाढला, कारण ते निंबा गेल्यानंतर आलं होतं, ऐकायला दोन बायकांखेरीज कोणी नसताना, थुंकायचं भांडं मागावं तशा आवाजात.

धुरपदाबाई उठली. ओले हात तिने पदराला पुसले. ती नवऱ्याकडे गेली नाही, मुलीकडेही गेली नाही. अनवाणीच उंबरठा ओलांडून ती तापलेल्या गल्लीत उतरली.

“निंबा भाऊजी!”

लूमच्या खडखडाटात हाक बुडाली. ती आणखी पुढे गेली आणि तोंडाशी दोन्ही हात धरून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली.

“भाऊजी, मांगे फिरा! तुमना भाऊले काही सांगनं शे!”

गल्लीच्या टोकाशी निंबा थांबला. शेजारच्या दोन दारांतून बायका बाहेर आल्या.

आत मगनने चादर तोंडावर ओढून घ्यायला हात वर नेला. हर्षदा खाटेपाशी आली आणि तिने चादरीचं दुसरं टोक धरून ठेवलं.